प्रेअरीवरची कुळं: घरात सांगतात ते आणि दप्तरात सापडतं ते

गवतफुला

इथे अमेरिकेत, गवताळ माळांच्या म्हणजे प्रेअरीच्या मुलखात, मिनेसोटात आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) इतिहास मंडळात मी शनिवारी बसते. लोक येतात, पणजोबांचं नाव सांगतात, आणि ते नाव जुन्या दप्तरात कुठे सापडेल ते मी दाखवते. येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक ठरलेली असते. पणजोबा छत घातलेल्या गाडीतून आले, सरकारने फुकट जमीन दिली, गवताच्या ढेकळांचं घर बांधलं, पहिली दोन वर्षं हाल काढले आणि तेव्हापासून आम्ही इथेच. यातलं 'फुकट' आणि 'तेव्हापासून इथेच' कागदासमोर क्वचितच टिकतं. त्यावरच हा धागा.

कायदा थोडक्यात सांगते. लिंकनने होमस्टेड (सरकारी जमिनीवर वस्ती करून ती मिळवायच्या) कायद्यावर २० मे १८६२ ला सही केली, अर्ज १ जानेवारी १८६३ पासून सुरू झाले. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिकत्वाचा अर्ज केलेला, आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेला, अशा कुणालाही १६० एकर. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग दोन शेजाऱ्यांची साक्ष काढून मालकीचा कागद घ्यायचा. सगळी फी मिळून १८ डॉलर. बैल, नांगर, बियाणं, विहीर आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं पोटपाणी ज्याचं त्याने बघायचं.

आता एका कुटुंबाचं उदाहरण. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्यांमुळे हे घराणं जगभर माहीत झालं, आणि त्यामुळेच त्यांच्या प्रत्येक कागदावर संशोधकांनी भिंग धरलं. सांगितलेली गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट शेजारी ठेवायला इतकी चांगली जोडी दुसरी नाही.

चार्ल्स इंगल्स आणि कॅरोलाइन क्वाइनर यांचं लग्न १ फेब्रुवारी १८६० ला विस्कॉन्सिनमध्ये झालं. मेरी १८६५ ची, लॉरा ७ फेब्रुवारी १८६७ ची, दोघी पेपिनजवळ जन्मल्या. पेपिनची जागा हप्त्यांवर विकून कुटुंब निघालं आणि १८६९ मध्ये कॅन्ससमध्ये माँटगमरी काउंटीत पोचलं. तिथे चार्ल्सने ओंडक्यांचं घर बांधलं. १८७० च्या जनगणनेत ही मंडळी रटलंड टाउनशिपमध्ये सापडतात, कॅरीचा जन्मही तिथलाच. पण त्या जमिनीचा चार्ल्सच्या नावचा एकही कागद नाही, कारण जमीन ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची होती आणि विक्रीला निघालेलीच नव्हती. आपल्या भाषेत, बेकायदा घुसून बांधलेलं घर.

कादंबरीत सरकार हुसकावून लावतं म्हणून ते निघतात. इतिहासकारांना दिसतं ते वेगळं: पेपिनची जागा घेणाऱ्याला हप्ते झेपेनात, जागा परत इंगल्सच्या गळ्यात पडली, म्हणून १८७१ मध्ये मंडळी माघारी विस्कॉन्सिनला गेली.

पुढे १८७४ मध्ये मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हला जमीन घेतली, आणि टोळांनी पीक खाल्लं. १८७५ च्या हिवाळ्यात चार्ल्सने आपण पूर्ण निर्धन आहोत असं लिहून दिलं आणि काउंटीकडून मदतीचं पीठ घेतलं, दोन अर्धी पिंपं. हे कादंबरीत नाही. मुलगा फ्रेडी नऊ महिन्यांचा होऊन ऑगस्ट १८७६ मध्ये गेला, तोही कादंबरीत नाही. मग आयोवात बर ओक गावी हॉटेलात काम केलं. तिथून घरमालकाची देणी ठेवून रात्री गाडी जोडून निघाले, असं लॉरानेच आपल्या आठवणींच्या हस्तलिखितात लिहून ठेवलंय. ते हस्तलिखित छापून आलं २०१४ मध्ये. कादंबऱ्यांत बर ओक गावच गायब आहे, तिथे गाडी नेहमी पश्चिमेलाच जाते.

१८७९ मध्ये डकोटात रेल्वेच्या कामावर हिशेबनीस, आणि १८८० मध्ये डी स्मेटजवळ होमस्टेडचा अर्ज. हा मात्र पार पडला, १८८६ मध्ये. म्हणजे लग्नानंतर २६ वर्षांनी चार्ल्सच्या हातात होमस्टेडचा पक्का कागद पडला. थोड्याच वर्षांत ती जमीन विकून मंडळी गावात राहायला गेली आणि चार्ल्स सुतारकाम वगैरे करून जगला.

लॉराने खोटं लिहिलं असं मला म्हणायचं नाही. पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती ६५ वर्षांची होती, आणि कादंबरी म्हणूनच लिहीत होती. पण काय गाळलंय ते बघा: मागे फिरणं, कर्ज, सरकारी मदत आणि मेलेलं मूल. माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या गोष्टीतून याच चार गोष्टी गळालेल्या असतात.

खडूस

लेख चांगला आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. गोऱ्या लोकांच्या पणजोबांचं आपल्याला काय? आपल्या पणज्यांचे कागद आधी शोधा की.

गवतफुला

@खडूस, शोधा की, कोण नको म्हणतंय. मी जिथे राहते तिथलं शोधते.

टवाळ

देणी ठेवून रात्री गाडी जोडून पसार! आमच्या चाळीत असे तीन आद्य वसाहतकार होऊन गेले.

सातबारा

ताई, वाचनखूण साठवली. जमिनीच्या दाव्यांत आयुष्य गेलं म्हणून विचारतो, या होमस्टेडच्या फाइलीत नक्की काय काय असतं? आमच्याकडे फेरफाराची एक ओळ मिळाली तरी आम्ही नाचतो. आणि 'तिथे राहत होतो' हे सिद्ध कसं करायचं? तलाठी नाही, पंचनामा नाही.

गवतफुला

@सातबारा, तुमच्यासारख्याला ही फाइल म्हणजे मेजवानी. सुरुवातीचा अर्ज, फीच्या पावत्या, परदेशी असेल तर नागरिकत्वाचे कागद, स्थानिक वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीचं कात्रण, आणि शेवटी साक्षीपुरावा. त्यात अर्जदाराला आणि दोन साक्षीदारांना छापील प्रश्न: घर केव्हा बांधलं, लांबी-रुंदी किती, दारं-खिडक्या किती, कुटुंबात कोण कोण, किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतलं, विहीर आहे का, कुंपण आहे का, मधे घर सोडून कुठे गेला होता आणि का. त्या 'का'च्या उत्तरात माणूस दिसतो. मजुरीला गेलो, बायको बाळंतपणाला माहेरी गेली, बर्फात घर राहण्यासारखं नव्हतं.

साक्षीदार बहुतेक शेजारचेच, आणि त्यांचीही फाइल असतेच, त्यात तुमचा माणूस साक्षीदार. 'तू माझ्यासाठी, मी तुझ्यासाठी' चालायचं. फसवणूकही भरपूर झाली. चाकांवरचं घर एका जमिनीवरून दुसरीवर ढकलत नेऊन 'इथे घर आहे' म्हणून शपथ घेतल्याचे किस्से आहेत. घर बारा बाय चौदा असावं असा संकेत, पण फूट की इंच ते लिहिलेलं नाही, म्हणून बाहुलीचं घर ठेवून मोकळे झाल्याचाही किस्सा सांगतात.

मूळ फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मालकीच्या कागदाची प्रत भूमी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसते, नाव आणि राज्य टाकायचं. पण लोक तिथेच थांबतात. तो कागद सगळ्यांचा सारखाच, खाली राष्ट्राध्यक्षांच्या नावाने कारकुनाची सही. खरा माल फाइलीत असतो. आणि अर्ज रद्द झाला, माणूस जमीन सोडून गेला, तरी फाइल राहते. पणजोबा हरले असतील तर संकेतस्थळावर ते नाहीतच, दप्तरात आहेत.

सातबारा

हरलेल्याची फाइल सरकारने जपली हे वाचून बरं वाटलं. किती जण हरले?

गवतफुला

एकूण अर्जांपैकी साधारण ४० टक्के पार पडले असं पूर्वापार छापून येतं. अलीकडचे अभ्यासक नेब्रास्का-डकोटासारख्या भागांसाठी तो आकडा जास्त धरतात. शेवटी १६ लाखांच्या आसपास लोकांना मिळून २७ कोटी एकर गेली, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीचा दहावा हिस्सा.

नाना_जालनेकर

ताई, टोळांचं जरा इस्कटून सांगा. आमच्या भागात टोळधाडीच्या बातम्या २०२० ला आल्या होत्या, लोकांनी ताटं-डबडी वाजवली. तिकडे इतकं कसं काय की माणसं पिठाला महाग झाली? आन जळणाचं काय करायचं? झाड नाही म्हणता त्या माळावर.

गवतफुला

नाना, १८७३ ते ७७ ही सलग वर्षं मिनेसोटाला टोळांची गेली. कॅन्सस-नेब्रास्काला १८७४ चा उन्हाळा सगळ्यांत वाईट. थवा उतरला की पीक तर जायचंच, पण घामाने खारट झालेले अवजारांचे दांडे, वाळत घातलेले कपडे, खोगिराचं कातडंसुद्धा कुरतडायचे. बायकांनी भाज्यांवर गोधड्या झाकल्या तर आधी गोधड्या खाल्ल्या. टोळ अंडी घालून जायचे, म्हणजे पुढल्या वर्षाचाही घात ठरलेला. मिनेसोटाचे गव्हर्नर पिल्सबरी यांनी २६ एप्रिल १८७७ हा प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता. त्या उन्हाळ्यात टोळ निघून गेले. श्रेय कुणी कुणाला द्यायचं ते देवो.

गंमत म्हणजे तो टोळ आता जगात नाही. रॉकी पर्वतातला तो टोळ १९०२ मध्ये शेवटचा जिवंत सापडला. नद्यांकाठच्या ज्या खोऱ्यांत तो अंडी घालायचा तिथेच शेती आणि जनावरं आली, असं त्याचं कारण अभ्यासक देतात. कुणी मुद्दाम मारला नाही, त्याचं माहेरच नांगरून टाकलं.

जळण म्हणाल तर शेणी! गवे होते तोवर माळावर वाळून पडलेल्या गव्यांच्या, नंतर गुरांच्या. पूर्वेकडून आलेल्या बायका आधी चिमट्याने उचलायच्या, मग हातमोज्याने, मग नुसत्या हाताने, मग हात न धुता भाकरी थापायच्या असा विनोद तेव्हा सांगायचे (भाकरी माझी, बाकी त्यांचा). तेही नसेल तर मक्याची कणसं, नाहीतर गवताचे पीळ. १८८०-८१ च्या हिवाळ्यात ऑक्टोबरातच पहिलं वादळ आलं, जानेवारीपासून डी स्मेटला आगगाडी बंद, ती मे महिन्यात आली. इंगल्स मंडळींनी गवताचे पीळ जाळले आणि गहू कॉफीच्या चक्कीत दळून खाल्ला.

नाना_जालनेकर

आन पाऊस?

गवतफुला

तिथेच खरी मेख आहे. नकाशावर शंभराव्या रेखांशाची उभी रेघ ओढली की तिच्या पश्चिमेला वर्षाला साधारण २० इंचांहून कमी पाऊस. पूर्वेला आयोवात १६० एकरांत कुटुंब चांगलं जगतं, पश्चिम नेब्रास्कात तेवढ्यात उपाशी मरतं. कायदा मात्र दोघांना १६० च देतो. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ च्या अहवालात सांगितलं होतं की कोरड्या भागात गुरांवर जगायचं तर कुटुंबाला २५६० एकर लागतील. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण तेव्हा दुसराच सिद्धांत जोरात होता: नांगर पुढे गेला की पाऊस मागोमाग येतो. अगदी प्राध्यापक मंडळी सांगत होती. १८८० च्या दशकात योगायोगाने बरा पाऊस झाला आणि लोकांचा विश्वास बसला. मग १८९० च्या दशकात दुष्काळ पडला आणि पश्चिम कॅन्सस-नेब्रास्कातून गाड्यांच्या रांगा उलट्या निघाल्या. लॉरा आणि तिचा नवरा अल्मान्झो यांनीही जमीन गमावली. घटसर्प, मूल गेलं, घर जळलं, वर दुष्काळ. १८९४ मध्ये ते मिझुरीला निघून गेले.

नाना_जालनेकर

म्हणजे कागदावरचं पर्जन्यमान आन रानातलं पर्जन्यमान येगळं, हे तिकडं बी. कोरडवाहूला बागायतीचा हिशेब लावणारा सायेब सगळीकडं सारखाच. १८९० ला दुष्काळ म्हणता, आमच्याकडचा मोठा १९७२ चा, म्हाताऱ्यांना अजून तारीखवार पाठ आहे. तिकडच्या घरांत ती सालं सांगतात का?

गवतफुला

नाही नाना, १९३० च्या धुळीच्या वादळांची सांगतात. १८९० ची नाही. जे तेव्हा हरले ते निघून गेले, त्यांचे नातू माझ्याकडे येत नाहीत. येतात ते टिकलेल्यांचे.

तांबडीमाती

मी टल्सामध्ये राहतो, ओक्लाहोमा. मूळ लेखात ओसेजांची जमीन एका परिच्छेदात उरकली, म्हणून लिहितोय.

१८६८ मध्ये एका रेल्वे कंपनीला ओसेजांची ८० लाख एकर एकरी २० सेंटच्या आसपास भावाने देण्याचा तह झाला होता. ओरड झाली आणि तो मंजूर झाला नाही. ओरड करणाऱ्यांत घुसलेले वसाहतवालेच पुढे होते, आपल्याला मिळायची जमीन रेल्वेला जाते म्हणून! शेवटी जुलै १८७० मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा केला, सप्टेंबरात ड्रम क्रीकला ओसेजांनी सही केली, एकरी सव्वा डॉलरने जमीन गेली. तेव्हा आजूबाजूला हजारो लोक घरं बांधून, शेतं काढून बसलेले. सही 'राजीखुशीने' झाली म्हणायचं तर म्हणा. कुणाचं कुंपण दारापर्यंत आलं की सगळे राजी होतात.

त्या पैशातून ओसेजांनी चेरोकी जमातीकडून इथली जमीन रीतसर विकत घेतली. त्यामुळे पुढे १९०६ मध्ये वाटप झालं तेव्हा जमिनीखालचं खनिज सगळ्या जमातीच्या सामाईक मालकीचं ठेवण्यात त्यांना यश आलं. तेल त्याआधीच सापडलं होतं, आणि १९२० च्या दशकात त्यासाठी ओसेजांचे खून पडले, ते आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

तर प्रश्न असा: कुळाचा इतिहास काढणारे लोक १८६३ च्या मागे जातात का? की फाइल नंबर एकच्या आधी तिथे कुणी नव्हतंच?

खडूस

@तांबडीमाती हा आता मुद्द्याचा प्रतिसाद. धाग्याचं शीर्षकच बदला. 'आद्य' वसाहतकार म्हणे.

गवतफुला

शीर्षकात आद्य नाही, नीट वाचा :)

@तांबडीमाती, जात नाहीत. मी मुद्दाम विचारते. आमच्या काउंटीत १८६२ च्या ऑगस्टमध्ये डकोटा या मूळ रहिवासी जमातीचं वसाहतवाल्यांशी आणि सरकारशी युद्ध झालं. तहाचे ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळालं नाही, लोक उपाशी होते, तिथून पेटलं. शेकडो वसाहतवाले मेले, डिसेंबरात मँकेटोला ३८ डकोटांना एका वेळी फाशी दिलं, आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने त्यांचे तह रद्द करून त्यांना राज्याबाहेर काढलं. मग ती जमीन 'मोकळी'. वसाहतवाल्यांच्या घरात त्या युद्धाच्या गोष्टी आहेत, आजी तळघरात लपली वगैरे. पण आजीच्या नवऱ्याला १८६५ ला मिळालेली जमीन त्याच हकालपट्टीमुळे मिळाली, हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कागदावर मात्र सरळ दिसतं. तहाचा नकाशा, मोजणीचा नकाशा आणि अर्जाची तारीख हे तीन एका टेबलावर ठेवायचे, बस. मी ठेवते. काही लोक बघतात, काही चहा घ्यायला उठतात.

नॉर्वेचीसून

उशिरा येतेय. माझं सासर उत्तर डकोटातलं, नॉर्वेकडून आलेलं. लग्नानंतर वंशवृक्ष करायला बसले आणि वेडी व्हायची पाळी आली. एका माणसाची तीन आडनावं! जन्मनोंदीत बापाच्या नावावरून, म्हणजे लार्सचा मुलगा तो लार्सेन. बोटीच्या यादीत नॉर्वेतल्या शेताचं नाव. तो नॉर्वेतच शेत बदलून दुसऱ्या शेतावर राहायला गेला की त्याचं शेताचं नावही बदललं. इथे होमस्टेडवर तिसरंच. भावाभावांनी वेगवेगळी नावं लावली. मी सासूबाईंना म्हटलं, आमच्याकडे गावावरून 'कर' लागतं तसंच हे, फक्त आमचा माणूस गाव सोडून मुंबईला गेला तरी गावच आडनावात घेऊन फिरतो. त्यांना इतकं पटलं की आता चर्चमध्ये मला भाषण करायला लावणार आहेत.

नाव एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावरच्या कारकुनाने बदललं हे सासरी सगळे छातीठोक सांगतात. बेट सुरू झालं १८९२ ला, आमचे आले १८६० च्या दशकात, तेही क्वेबेकला उतरून. त्या काळी नॉर्वेची जहाजं बरीच तिकडेच यायची. सासऱ्यांना हे सांगितलं, ते म्हणाले, असेल, पण बेट खरं आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. घरात सांगतात की पणजोबांनी जमीन मिळवली. फाइल मागवली तर शेवटच्या साक्षीपुराव्यावर सही पणजीची. ते पाच वर्षं व्हायच्या आधीच वारले होते, आणि कायद्याने विधवेला त्यांचा अर्ज पुढे चालवता यायचा. राहिलेली वर्षं तिने काढली, दोन शेजारी साक्षीला आणले, इंग्रजी येत नव्हतं तरी. भिंतीवर फोटो मात्र पणजोबांचा.

गवतफुला

@नॉर्वेचीसून, हे इतक्या वेळा दिसतं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: सही कुणाची आहे?

विधवाच नव्हे, एकटी मुलगीही २१ पूर्ण झाली की स्वतःच्या नावाने अर्ज करू शकायची. नवरा असलेली बाई मात्र सहसा नाही, तिचं सगळं नवऱ्याच्या नावात. लॉराची नणंद एलायझा जेन वाइल्डर, शाळामास्तरीण, तिने डी स्मेटजवळ स्वतःच्या नावाने होमस्टेड घेतलं होतं. नेब्रास्कात कस्टर काउंटीत ख्रिसमन बहिणी होत्या, चौघींचा १८८६ चा फोटो प्रसिद्ध आहे, ढेकळांच्या घरासमोर घोडे धरून उभ्या. लिझीने १८८७ ला अर्ज केला, ल्यूटीने १८८८ ला, धाकट्यांना वय भरेपर्यंत थांबावं लागलं.

तो फोटो काढणारा सॉलोमन बुचर. स्वतःचं होमस्टेड त्याला दोन आठवड्यांपलीकडे मानवलं नाही, मग १८८६ पासून गाडीत कॅमेरा घालून तो घराघरांपुढे लोकांना उभं करत हिंडला. त्याच्या काचेच्या प्लेटा नेब्रास्काच्या इतिहास संस्थेत आहेत, तीन हजारांवर. लोक घरातली चांगली वस्तू बाहेर काढून तिच्यासोबत उभे राहतात. कुणी शिवणयंत्र, कुणी टेबलावर कलिंगड, कुणी गाय. हिल्टन म्हणून एक कुटुंब आहे, त्यांनी वाजवायची पेटी, म्हणजे चांगली उभी मोठी ऑर्गन, ढोरांच्या वाड्यात आणून ठेवली आणि तिथे फोटो काढवला. बाईंना पूर्वेकडच्या नातलगांना ऑर्गन दाखवायची होती, पण आपण ढेकळांच्या घरात राहतो हे दाखवायचं नव्हतं.

टवाळ

म्हणजे भाड्याच्या गाडीला टेकून काढलेला फोटो व्हॉट्सॅपवर टाकायची प्रथा १८८६ पासून.

केवडा

मी कॅन्ससमध्ये शिकते. निकोडेमसबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ग्रॅहम काउंटीत वसवलेलं गाव. जाहिरातीत स्वर्ग दाखवला होता. पोचल्यावर नजर जाईल तिथवर गवत आणि जमिनीतून निघालेला धूर, कारण आधी आलेले लोक जमिनीत खोदलेल्या बिळांत राहत होते. काहींनी दुसऱ्या दिवशीच परतीचा रस्ता धरला. पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेजांनी अन्न दिलं म्हणून तगलो, असं तिथले वंशज सांगतात. (@तांबडीमाती, तुमचेच ओसेज.) १८८८ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि दुकानं रुळांकडे पळाली. आता तिथे मोजकी माणसं राहतात, पण दर जुलैच्या शेवटी देशभरातून वंशज जमतात. मी एकदा गेले होते. जेवण जोरदार.

कुळ शोधण्याच्या दृष्टीने त्यांची अडचण वेगळी. १८७० ही पहिली जनगणना जिच्यात दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं आली. त्याआधी गुलामांच्या यादीत वय, लिंग, वर्ण आणि मालकाचं नाव, माणसाचं नाव बहुतेक नाहीच. म्हणून होमस्टेडची फाइल त्यांच्यासाठी सोन्याची. कधी कधी पणजोबांच्या स्वतःच्या तोंडचे शब्द पहिल्यांदा लिहिलेले सापडतात ते तिथे.

गवतफुला

@केवडा, फार छान भर. आणि या सगळ्यांना नडणारी दुसरी खोट म्हणजे १८९० ची जनगणना. वॉशिंग्टनला जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीत ती बरीचशी खराब झाली आणि उरलेली नंतर नष्ट केली. म्हणजे १८८० ते १९०० नुसतं भोक. याच वीस वर्षांत प्रेअरीवर सगळ्यांत जास्त ये-जा झाली! कॅन्ससची राज्याची जनगणना दर दहा वर्षांनी पाच आकड्याच्या साली झाली, तिच्यात 'कॅन्ससला कुठून आलात' असा रकानाच आहे. नेब्रास्का आणि डकोटाची १८८५ ची आहे. आयोवाची १९२५ ची तर आई-बापांची नावंही देते. भोक यांनी बुजवायचं.

खडूस

कबूल करत नाही, पण वाचतोय. मेरी इंगल्सचं काय झालं ते राहिलं. आंधळी झाली ना ती?

गवतफुला

१८७९ मध्ये, चौदा वर्षांची असताना. कादंबरीत स्कार्लेट ज्वर म्हटलंय. २०१३ मध्ये काही डॉक्टरांनी लॉराच्या आठवणी, पत्रं आणि तेव्हाची वर्तमानपत्रं तपासून मेंदूज्वराच्या प्रकारचा विषाणूजन्य आजार असावा असं मांडलं. पुढे ती आयोवात व्हिंटनच्या अंधशाळेत शिकली, १८८९ मध्ये शिकून बाहेर पडली.

सातबारा

शेवटची शंका, मग झोपतो. फाइलीवर जमिनीचं वर्णन असं दिसतंय: वायव्य पाव, सेक्शन १४, टाउनशिप अमुक उत्तर, रेंज तमुक पश्चिम. गट नंबर कुठाय? चतुःसीमा कुठाय?

गवतफुला

चतुःसीमा नाहीच, सगळी जमीन चौकटीत. १७८५ पासूनची पद्धत. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात एक-एक मैलाचे ३६ सेक्शन. एक सेक्शन ६४० एकर, त्याचा पाव १६०, हेच होमस्टेड. टाउनशिपचा आकडा आडव्या पायारेषेपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला कितवी ते सांगतो, रेंजचा आकडा उभ्या मुख्य रेषेपासून पूर्व-पश्चिमेला. कुठली मुख्य रेषा ते पाहायला विसरू नका, कॅन्सस-नेब्रास्काला सहावी, नाहीतर पणजोबा भलत्याच राज्यात निघतील. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला जातात, खालच्या ओळीत उलटे पूर्वेला येतात, असे नागमोडी. म्हणून १४ च्या लगेच खाली २३ येतो, २० नाही.

आणखी एक. सोळावा सेक्शन आणि बऱ्याच राज्यांत छत्तिसावाही शाळांसाठी राखीव असायचा. कुणी म्हणालं की आमच्या पणजोबांचं होमस्टेड सोळाव्यात होतं, तर ते बहुधा होमस्टेड नव्हे, शाळेच्या निधीसाठी राज्याने विकलेली जमीन असणार. तिचे कागद वॉशिंग्टनला मागवू नका, राज्याच्या अभिलेखागारात विचारा.